ताण उतरवायला वेगळा तास लागत नाही

प्रश्न : मी ४४ वर्षांची असून तालुक्याच्या गावी एका सहकारी बँकेच्या शाखेत रोखपाल आहे. पहाटे साडेपाचला दिवस सुरू होतो. सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांचे पथ्यपाणी आणि इन्सुलिन, बारावीतल्या मुलाचा डबा आणि क्लास हे सगळे उरकून दहाच्या आत काउंटरवर पोहोचावे लागते. यजमान नोकरीनिमित्त परगावी असतात आणि शनिवार-रविवारी घरी येतात. काउंटरवर दिवसभर माणसांची रीघ असते. संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर कमी पडलेली रक्कम स्वतः भरावी लागते आणि ही धास्ती सकाळपासून मनात असते. गेले काही महिने क्षुल्लक कारणावरून मी मुलावर ओरडते. मान आणि खांदे दुखतात. रात्री तीनच्या सुमारास जाग येते आणि मग डोक्यात हिशेब सुरू होतात. छातीत धडधडते म्हणून ईसीजी काढला, तो व्यवस्थित आला. डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका.’ मैत्रिणीने ध्यान करायला सुचवले, पण डोळे मिटून बसले की अधिकच अस्वस्थ होते. योगवर्गाला जायला वेळही नाही आणि पैसेही नाहीत. आहे त्याच दिवसात बसेल असे काही सांगाल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, जणू ताण ही दुकानात जाऊन घ्यायची किंवा न घ्यायची वस्तू असावी. तुमच्या डॉक्टरांनी ते आपुलकीनेच म्हटले असणार, आणि धडधड अंगावर न काढता तुम्ही ईसीजी करून घेतलात हेही योग्यच झाले. परंतु ताण घ्यायचा नाही म्हणजे नेमके करायचे काय, हा तुमचा प्रश्न तसाच राहिला. त्यातच तुमचे काम असे आहे की, त्यात थोडा ताण हवाच. गड्डीत एक नोट कमी आहे किंवा धनादेशावरची सही किंचित वेगळी दिसते आहे, हे ज्या सावधपणामुळे तुमच्या लक्षात येते, तो सावधपणाही ताणाचेच एक रूप आहे. तेव्हा ताण शून्यावर आणण्याच्या मागे लागू नका. तुमच्या पत्रावरून मला असे दिसते की, ताण येतो ही तुमची खरी अडचण नाही. एकदा चढलेला ताण पुढचा येण्याआधी उतरत नाही, ही आहे.

असे का होते, हे थोडे समजून घेतले तर पुढचे उपाय करताना त्यांच्यावर विश्वास बसेल. धोका जाणवताच शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते, हे हार्वर्डमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास मांडले. ॲड्रेनलिन स्रवते, ठोके वाढतात, श्वास जलद आणि वरवरचा होतो, स्नायू आवळले जातात आणि रक्तातली साखर वाढते. पुढे १९३६ मध्ये माँट्रियल येथील हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे असे दाखवले की, त्रासाचे कारण कोणतेही असले तरी शरीर बऱ्याच अंशी एकाच ठरावीक रीतीने प्रतिसाद देते आणि तो त्रास लांबत गेला तर शरीर झिजते. आता तुमची एखादी सकाळ पाहा. रांगेतला एक खातेदार आवाज चढवतो, त्याच वेळी सर्व्हर बंद पडतो आणि तेवढ्यात घरून फोन येतो की, सासूबाईंना घाम फुटला आहे. तिन्ही वेळा शरीराने पळण्याची जय्यत तयारी केली आणि तिन्ही वेळा तुम्ही त्याच खुर्चीवर बसून नोटा मोजत राहिलात. ती तयारी कुठे खर्चच झाली नाही. मानेतले दुखणे, मुलावर निघणारा राग आणि बहुधा ती धडधडही तिथूनच येते.

या सगळ्या यंत्रणेत ठोके किंवा साखर आपल्या इच्छेने कमी करता येत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या ताब्यातही येतो. म्हणून सुरुवात तिथून करू. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि बाहेर सोडतो तेव्हा मंदावतात. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हे काम करते. डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटे ठेवून, सावकाश श्वास सोडताना नाडी पाहिलीत तर अनेकदा हा फरक बोटांना जाणवतोसुद्धा. एकदा अवश्य पाहा, कारण स्वतःच्या बोटांनी अनुभवलेली गोष्ट दहा लेख वाचून पटत नाही इतकी पटते. यातून निघणारा उपाय साधा आहे: श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याहून अधिक वेळ तो सोडायला लागला पाहिजे. नाकाने, मनात चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत सोडा. आकडा साधारण सेकंदाचा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. श्वास रोखून धरायचा नाही आणि छाती फुगवून मोठाही घ्यायचा नाही. बरेच जण ‘दीर्घ श्वास घ्या’ हे ऐकून भराभर मोठे श्वास घेतात. त्यामुळे शरीरातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणापेक्षा जास्त बाहेर पडतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि मग हा उपायच चुकीचा आहे असे वाटू लागते. श्वास नेहमीइतकाच घ्या. तो सोडण्यात मात्र घाई करू नका.

यासाठी तुम्हाला वेगळी वेळ काढायला मी सांगणार नाही. नोटा मोजण्याचे यंत्र साधारणपणे मिनिटाला हजार नोटांच्या वेगाने चालते, म्हणजे शंभर नोटांची गड्डी मोजायला त्याला सहा सेकंद लागतात. तेवढे सेकंद तुमचे हात रिकामे असतात आणि नजर त्या आकड्यावर असते. गड्डी यंत्रात ठेवली की श्वास सोडायला सुरुवात करायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत सोडत राहायचे. समोरच्या माणसाला त्यातले काहीही कळत नाही. दिवसभरात अशा गड्ड्या किती होतात ते तुम्हीच जाणता. त्याशिवाय दुपारच्या सुट्टीत डबा उघडण्यापूर्वी आणि रोकड जुळवायला बसण्यापूर्वी पाच-पाच मिनिटे हेच सलग केलेत, तर परिणाम अधिक टिकतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना महिनाभर रोज पाच मिनिटे श्वसनाचा एखादा प्रकार किंवा ध्यान करायला सांगितले होते. सगळ्याच गटांना बरे वाटू लागले होते, परंतु दीर्घ उच्छ्वास करणाऱ्या गटाची दैनंदिन मनःस्थिती ध्यान करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. त्या गटाची रीत अशी होती की, नाकाने श्वास घ्यायचा, तो पुरा झाल्यावर त्यावरच आणखी थोडा घ्यायचा आणि मग तोंडाने अगदी सावकाश सोडायचा. फार अस्वस्थ वाटेल तेव्हा असे दोन-तीन वेळा करून पाहा.

तुमच्या घरी संध्याकाळी देवापुढे काही म्हणण्याची पद्धत असेल, तर तीही या कामी येते. इटलीतील काही डॉक्टरांनी २००१ मध्ये ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र यांचा अभ्यास केला, तेव्हा दोन्ही म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येते असे त्यांना आढळले. आपल्या स्तोत्रांवर तो अभ्यास झालेला नाही, परंतु एका दमात एक लांब ओळ सावकाश म्हणायची म्हटली की उच्छ्वास आपोआप लांबतो, हे कोणालाही करून पाहता येईल. सासूबाई म्हणत असतील तर त्यांच्या शेजारी पाच मिनिटे बसून मोठ्याने म्हणा. देवावर विश्वास नसला तरी शाळेत पाठ केलेली एखादी कविता चालते. प्राणायामाचे शरीरावर काय परिणाम होतात हे उपकरणांनी मोजायला स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये १९२४ पासून सुरुवात केली होती, तेव्हा हे सारे परदेशातून आलेले नवे खूळ आहे असे कोणी म्हणाले तर मनावर घेऊ नका.

आता ध्यानाविषयी. डोळे मिटून बसले की अधिक अस्वस्थ वाटते, यात तुमचे काही चुकत नाही आणि तुमचे मन ‘कमकुवत’ आहे असाही त्याचा अर्थ नाही. दिवसभर जे विचार कामाच्या गडबडीत मागे पडलेले असतात, ते बाहेरचे काम थांबताच पुढे येतात, आणि अनेकांना हा अनुभव येतो. ज्यांना ध्यान मानवते त्यांनी ते जरूर करावे. तुम्ही सध्या ते बाजूला ठेवा आणि मनाऐवजी स्नायूंकडून सुरुवात करा. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत यासाठी एक पद्धत बसवली. स्नायू सैल सोडा असे सांगून तो सैल होत नाही, कारण तो आवळलेला आहे हेच आपल्याला जाणवत नसते. म्हणून आधी तो मुद्दाम आवळायचा आणि मग सोडायचा, म्हणजे दोन्हींतला फरक कळतो. काउंटरवर बसल्या बसल्या आताच पाहा: तुमचे खांदे कानांच्या दिशेने वर सरकलेले असतील आणि दातांवर दात घट्ट बसलेले असतील. खांदे आणखी वर उचला, पाच-सहा सेकंद तसेच धरा आणि एकदम सोडून द्या. मग वीसेक सेकंद काहीच करू नका. सोडल्यानंतर जो जडपणा आणि ऊब जाणवते, तिकडे लक्ष असू द्या. दिवसभर नोटांच्या गड्ड्या पकडणाऱ्या मुठींचेही असेच करा. आवळताना श्वास रोखू नका, आणि मानेच्या मणक्यांचा त्रास असल्याचे कोणी सांगितले असेल तर मान जोराने आवळू नका.

रात्री अंथरुणावर हीच क्रिया पावलांपासून सुरू करून पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे आणि शेवटी चेहरा अशी क्रमाने करत वर या. सगळ्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात. चेहऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच झोप लागली, तर उरलेली क्रिया सोडून दिल्याने काही बिघडत नाही.

खर्च न झालेल्या तयारीबद्दल मी वर लिहिले. ती खर्च करण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे चालणे. बँकेतून घरी तुम्ही दुचाकीवर जाता की रिक्षाने, ते पत्रात नाही. परंतु अंतर चालण्याजोगे असेल तर जाताना घाईत कसेही जा, येताना मात्र चालत या, आणि अंतर जास्त असेल तर शेवटचा टप्पा तरी चाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करायला सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही इतका. रोजची वीस मिनिटे पाच दिवस धरली तर त्यातली शंभर येण्याच्या वाटेवरच होतात. या चालण्यात फोनवर बोलू नका. बँक आणि घर यांच्यामध्ये सध्या तुमच्याकडे काहीच नाही. काउंटरवरून उठलेली बाई तशीच्या तशी ओट्यापाशी येऊन उभी राहते आणि पहिला जो कोणी काही विचारतो, तो तिच्या तावडीत सापडतो. घरी आल्यावर हातपाय धुणे, कपडे बदलणे आणि दहा मिनिटे स्वस्थ बसणे, एवढे झाल्याशिवाय डब्याचा, क्लासच्या फीचा किंवा रात्रीच्या भाजीचा विषय काढायचा नाही, असे मुलाला सांगून ठेवा. सतरा वर्षांच्या मुलाला हे सांगितले तर समजते. ‘मी ओरडते त्यात तुझा दोष नसतो’ हेही त्याला एकदा शांतपणे सांगायला हवे. तो बारावीत आहे, आणि घरातल्या आवाजाचा अर्थ तो स्वतःच्या गुणांशी जोडत असण्याची शक्यता मोठी आहे.

रोकडीच्या धास्तीचा मात्र वेगळा विचार करू, कारण ती निव्वळ मनाची गोष्ट नाही. पैसे खरोखरच भरावे लागतात, तेव्हा भीती निराधार आहे असे सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. या भीतीला एक रक्कम लावा. गेल्या दोन वर्षांत रोकड किती वेळा कमी आली, त्यांतल्या किती वेळा चूक सापडली आणि शेवटी पदरचे एकूण किती रुपये गेले, हे आठवून कागदावर लिहा. माझा अंदाज असा आहे की, तो आकडा तुम्ही रोज सकाळी मनात बाळगता त्या धास्तीच्या मानाने बराच लहान निघेल. तुम्हाला रोख हाताळण्याचा भत्ता मिळत असेल, तर तो घरखर्चात मिसळू न देता वेगळ्या बचत खात्यात ठेवा. मिळत नसेल, तर दरमहा जमेल ती छोटी रक्कम बाजूला काढा. तूट आली की ती तिथून भरायची. मग ती तूट सासूबाईंच्या औषधांच्या पैशातून जात नाही, आणि निम्मी भीती तिथेच कमी होते. यासोबत, रोकड संध्याकाळीच जुळवायची असा नियम नसेल, तर दुपारच्या सुट्टीआधी एकदा नोटांच्या मूल्यानुसार कच्ची जुळणी करून ठेवा. चूक झाली असेल तर सकाळच्याच व्हाउचरमध्ये शोधावी लागते, सबंध दिवसाचे गठ्ठे उपसावे लागत नाहीत. तूट कोणत्या परिस्थितीत रोखपालाने भरायची याचा तुमच्या बँकेचा लेखी नियम काय आहे, हेही शाखाधिकाऱ्यांना विचारून घ्या. इतकी वर्षे सगळे भरत आले म्हणून आपणही भरायचे, असे अनेक ठिकाणी चालते.

याउपर जी धास्ती उरेल ती विचारांच्या रीतीतून येणारी असते. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात जी उपचारपद्धती मांडली आणि जी महाराष्ट्रातल्या अनेक समुपदेशकांनी पुढे मराठीत आणली, तिचा गाभा असा आहे की, घटनेइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, त्रास त्या घटनेबद्दल आपण स्वतःशी जे बोलतो त्याचा होतो. ‘रोकड जुळलीच पाहिजे, नाही जुळली तर संपलेच’ हे बोलणे आणि ‘जुळावी अशी माझी फार इच्छा आहे, नाही जुळली तर उशीर होईल, शोधावे लागेल, कदाचित पैसेही भरावे लागतील आणि ते मला आवडणार नाही’ हे बोलणे, यांतले दुसरे अधिक खरे आहे. ते पाठ करायचे नाही; पहिले वाक्य मनात आल्याचे लक्षात आले की त्याला दुरुस्त करायचे, एवढेच.

आता रात्री तीनची गोष्ट. रात्रीच्या उत्तरार्धात झोप मुळातच हलकी असते आणि तेव्हा थोडी जाग येणे सर्वांच्याच बाबतीत घडते. जाग आल्यावर लगेच हिशेब सुरू होतात, ते टाळायचे आहे. त्याची तयारी संध्याकाळीच करावी लागते. चिंता करायची एक ठरलेली वेळ ठेवावी, असा उपाय पेनसिल्व्हेनियातील मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सुचवला. हे ऐकायला विचित्र वाटते, मलाही पहिल्यांदा वाचताना तसेच वाटले होते. पण त्यात तथ्य आहे. समजा, रात्री साडेआठ ते पावणेनऊ ही तुमची वेळ. दिवसा काउंटरवर एखादी काळजी डोके वर काढू लागली, तर ती दाबायची नाही आणि तिच्यामागे जायचेही नाही; कागदाच्या कपट्यावर तिचा एक शब्द लिहायचा, ‘साखर’ किंवा ‘फी’, आणि तिला साडेआठची वेळ द्यायची. साडेआठला अंथरुणावर न बसता खुर्चीवर बसून तो कपटा पुढे घ्यायचा आणि प्रत्येक शब्दापुढे करता येण्याजोगी पुढची कृती लिहायची. ज्याच्यापुढे कोणतीच कृती सुचत नाही, त्याच्यापुढे ‘माझ्या हातात नाही’ असे लिहायचे. अनेक शब्द साडेआठपर्यंत शिळे झालेले आढळतील.

झोपण्यापूर्वी दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी लिहिण्याचाही उपयोग होतो. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, ५७ तरुणांपैकी ज्यांनी झोपण्याआधी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिली, त्यांना झालेल्या कामांबद्दल लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर, असेही दिसले. नऊ मिनिटे म्हणजे काही चमत्कार नव्हे, पण खर्च फक्त एका कागदाचा आहे. ‘सासूबाईंचे औषध’ असे न लिहिता ‘इन्सुलिनची कुपी गुरुवारपर्यंतच पुरेल, उद्या बँकेतून येताना नवी घेणे’ असे लिहा. तरीही तीनला जाग आलीच, तर घड्याळ पाहू नका आणि मोबाइल तर मुळीच उघडू नका. आधी लांब उच्छ्वास, मग स्नायूंची क्रिया. अदमासे वीस मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून मंद उजेडात कपड्यांच्या घड्या घालण्यासारखे एखादे नीरस काम करा आणि पेंग आली की परत झोपा. अंथरूण ही हिशेबाची जागा आहे असे शरीराला शिकवायचे नाही.

चहाबद्दल थोडक्यात: पोटात गेलेले निम्मे कॅफीन शरीराबाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात, तेव्हा बँकेतला शेवटचा चहा दुपारी तीनच्या आत घ्या. त्यानंतर कोणी कप पुढे केलाच तर अर्धा घ्या. रोकड जुळवताना घेतलेला साडेपाचचा चहा रात्रीच्या झोपेला आणि धडधडीला, दोन्हींना नडतो.

इथपर्यंत मी जे सांगितले, ते सगळे तुम्ही एकटीने करायचे आहे, आणि नेमकी हीच गोष्ट मला खटकते. तुमच्या पत्रात साडेपाचपासून रात्रीपर्यंतच्या प्रत्येक वाक्याचा कर्ता तुम्हीच आहात. श्वास कितीही नीट सोडला तरी तीन माणसांचे काम एका माणसाचे होत नाही, आणि अधिक ओझे उचलता यावे म्हणून ताण कमी करायला शिकणे हा तर उलटा प्रकार झाला. घरातली मदत मोघमपणे मागितली की मिळत नाही; ‘जरा हातभार लावत जा’ याला सगळे हो म्हणतात आणि कोणीच काही करत नाही. नेमके काम, नेमका वार आणि नेमके नाव सांगा. स्वतःचा डबा भरणे आणि रात्रीची भांडी आवरणे मुलाला बारावीतही जमते, त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. आजींची रात्रीची साखर तपासणे आणि डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने नीट शिकवल्यावर, मात्रा कागदावर लिहून समोर चिकटवलेली असताना, इन्सुलिन देणे हेही त्याला शिकता येईल. साखर खाली गेल्याची लक्षणे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावीत, ते वेगळेच. तुमचे यजमान परगावी असले तरी औषधे मागवणे, विजेचे बिल, क्लासची फी, डॉक्टरांची वेळ घेणे, ही कामे फोनवरून होणारी आहेत आणि ती पूर्णपणे त्यांच्याकडे द्या, म्हणजे आठवण करून देण्याचे कामही तुमच्याकडे उरणार नाही. शनिवारी ते आल्यावर दोन तास सासूबाईंजवळ ते थांबतील आणि तुम्ही घराबाहेर पडाल, हे त्यांच्याशी आधीच ठरवून घ्या. त्या दोन तासांत बाजारहाट करायची नाही.

हे सारे एकदम सुरू करू नका. तसे केलेत तर ताण कमी करण्याच्या कामांचाच ताण होईल. पहिल्या आठवड्यात फक्त गड्डीसोबतचा उच्छ्वास आणि घरी येतानाचे चालणे एवढेच ठेवा. दुसऱ्या आठवड्यात साडेआठचा कागद जोडा, तिसऱ्यात रात्रीची स्नायूंची क्रिया. यजमानांशी बोलणे मात्र या शनिवारीच करा. सुधारणा मोजताना ‘मला आता ताण येत नाही ना’ असे स्वतःला विचारू नका, कारण तो येणारच. तीनला जाग आल्यावर पुन्हा झोप लागली का आणि या आठवड्यात किती वेळा ओरडले, एवढे पाहा.

शेवटी डॉक्टरांविषयी, आणि हे बाजूला ठेवू नका. ईसीजी काढला त्या क्षणी धडधड होत नसेल, तर तो व्यवस्थित येऊ शकतो. त्यामुळे धडधड चालू राहिली तर पुन्हा जा, गरज वाटल्यास ते चोवीस तासांची नोंद करणारे यंत्र लावतील. छातीत दुखणे, ते दुखणे हातात किंवा जबड्यात जाणे, दम लागणे किंवा भोवळ येणे यांपैकी काही झाले, तर आधीचा अहवाल चांगला होता म्हणून थांबू नका, लगेच रुग्णालयात जा. तुमच्या वयात थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ या तपासण्या करून घेणेही आवश्यक आहे, कारण त्यांच्या बिघाडात धडधड, थकवा किंवा चिडचिड दिसते; आणि चाळिशीच्या मध्यावर पाळी बदलू लागते तेव्हाही रात्री जाग येणे, एकदम घाम फुटणे, धडधडणे असे होते. या सगळ्याला सरसकट टेन्शन म्हणून मोकळे होऊ नये. मन सतत उदास राहिले, कशातच रस वाटेनासा झाला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तीन आठवड्यांचा हा क्रम पुरा होण्याची वाट न पाहता १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ती केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. डॉक्टरांकडे पुन्हा जाल तेव्हा धडधड केव्हा होते आणि किती मिनिटे टिकते, पाळीच्या तारखा, दिवसभरातले चहा आणि झोपेच्या वेळा एका कागदावर लिहून न्या. ‘टेन्शन आहे’ एवढेच सांगण्याऐवजी तो कागद त्यांच्या पुढे ठेवलात, तर त्यांनाही काय तपासायचे ते नेमके ठरवता येईल.